दिवाळीचे चुकीचे ठरवलेले उत्तर: इंग्लंडमधील एका माध्यमिक शाळेत नव्या विद्यार्थ्यांचे धर्मविषयक पूर्वज्ञान तपासण्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडच्या मध्य भागातील एका शहरातल्या, सरकारी निधीवर चालणाऱ्या माध्यमिक शाळेतले आहे. मी त्या वेळी तेथे ‘रिलिजियस एज्युकेशन’ हा विषय शिकवत होते. शाळेचे, सहकाऱ्यांचे आणि मुलांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

मराठी वाचकासाठी विषयाच्या नावाचा खुलासा आधी करायला हवा. ‘धर्मशिक्षण’ म्हटले की आपल्याला संस्कारवर्ग किंवा एखाद्या पंथाची शिकवण आठवते. शिवाय पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास भारतीय राज्यघटनेचे कलम २८ मनाई करते, त्यामुळे शाळेच्या वेळापत्रकात असा विषय असू शकतो ही कल्पनाच आपल्याकडे अनोळखी आहे. इंग्लंडमध्ये १९४४च्या शिक्षण कायद्याने हा विषय सक्तीचा झाला, तेव्हा त्याचे स्वरूप बहुतांशी ख्रिस्ती शिकवणीचे होते. १९८८च्या कायद्याने मात्र असे बंधन घातले की ब्रिटनमधील धर्मपरंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहेत हे अभ्यासक्रमात दिसले पाहिजे आणि त्याचबरोबर देशातील इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचार यांचीही दखल घेतली गेली पाहिजे. सर्वसाधारण शाळांत आज हा विषय म्हणजे अनेक धर्मांचा, आणि धर्म न मानणाऱ्या विचारांचाही, अभ्यास असतो. पालकांना आपल्या पाल्याला या तासांतून वगळून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे.

प्रकरणाचे मूळ ज्या गोष्टीत आहे ती अशी की हा विषय सक्तीचा असूनही राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा भाग नाही. प्रत्येक स्थानिक प्रशासनाच्या हद्दीत चर्च ऑफ इंग्लंड, इतर ख्रिस्ती पंथ व इतर धर्म, शिक्षक आणि स्थानिक प्रशासन यांच्या प्रतिनिधींनी मिळून अभ्यासक्रम ठरवायचा आणि दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार करायचा, अशी व्यवस्था आहे. चर्चच्या काही शाळा मात्र आपापल्या परंपरेनुसार वेगळा अभ्यासक्रम शिकवतात. प्राथमिक शिक्षण संपताना, ‘इयर सिक्स’च्या मे महिन्यात, मुलांच्या वाचनाची आणि गणिताची राष्ट्रीय परीक्षा होते व तिचे ८० ते १२० या मापावरचे गुण माध्यमिक शाळेला कळतात. धर्माभ्यासाची अशी कोणतीही परीक्षा नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये अकरा वर्षांची मुले, म्हणजे वयाने आपल्याकडच्या सहावीची, ‘इयर सेव्हन’मध्ये येऊन बसतात तेव्हा त्यांना या विषयातले काय येते हे शिक्षकाला कोणीही सांगितलेले नसते.

आमच्याकडे त्या वर्षी सहा तुकड्या होत्या आणि मुले अठरा प्राथमिक शाळांमधून आलेली होती. त्यांत सर्वसाधारण शाळा होत्या, चर्च ऑफ इंग्लंडच्या होत्या, एक कॅथलिक शाळा होती, एक खाजगी मुस्लिम शाळा होती. विषयाला आठवड्याला एकच तास होता. सहा तुकड्यांपैकी तीन तुकड्या मूळच्या इतिहासाच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकांकडे होत्या, आणि या विषयात ही गोष्ट इंग्लंडमध्ये नवलाची नाही.

अडचण

विभागात बरीच वर्षे वापरात असलेली एक चाचणी होती. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती घेतली जाई: धर्मचिन्हांच्या जोड्या लावा, धर्मग्रंथांची नावे लिहा, प्रार्थनास्थळे ओळखा, आणि शेवटी काही लेखी प्रश्न. एकूण गुणांवरून मुलांचे तीन गट पडत आणि ऑक्टोबरच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक मुलाचा एक आकडा शाळेच्या संगणकात भरला जाई. वर्षाअखेरची ‘प्रगती’ या आकड्यापासून मोजली जात असल्याने तो आकडा वरवरचा नव्हता. तो मुलाच्या नावावर राहत असे.

त्या वर्षी तपासलेल्या उत्तरपत्रिकांची पडताळणी माझ्याकडे आली आणि एका मुलीच्या उत्तरावर मी थांबले. प्रश्न होता: ‘दिवाळी का साजरी करतात?’ उत्तरसूचीत ‘राम व सीता अयोध्येला परतले’ आणि ‘अंधारावर प्रकाशाचा विजय’ या दोन मुद्द्यांना एकेक गुण होता. मुलीने इंग्रजीत लिहिले होते की कृष्णाने नरकासुराला मारले म्हणून पहाटे उटणे लावून अंघोळ करायची आणि एक कडू फळ पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचे, आणि पुढे बळी नावाच्या चांगल्या राजाचे राज्य परत यावे असे आजी म्हणते. आडनाव पाहण्याआधीच मला घर ओळखू आले. कारीट, अभ्यंगस्नान आणि ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ हे सारे त्या चार ओळींत होते. उत्तराला शून्य गुण होते आणि समासात लिहिले होते, ‘हा सण पुन्हा वाचून ये.’

तपासणाऱ्या सहकाऱ्याने कसलाही आकस ठेवला नव्हता. ते भूगोलाचे चांगले शिक्षक होते आणि त्यांनी हातातली उत्तरसूची प्रामाणिकपणे वापरली होती. त्याच गठ्ठ्यात गुरू हरगोविंदांची ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून झालेली सुटका लिहिणारा एक शीख मुलगा आणि महावीरांचे पावापुरी येथील निर्वाण लिहिणारा एक जैन मुलगा सापडला. दोघांनाही शून्य गुण होते. प्राथमिक शाळेत कागदी पणती रंगवताना रामाची गोष्ट ऐकलेल्या मुलांना मात्र पूर्ण गुण मिळाले होते.

यानंतर मी सगळ्या उत्तरपत्रिका नव्याने वाचायला घेतल्या, आणि चाचणीतला दोष एका प्रश्नापुरता नव्हता हे दिसू लागले. ‘येशू कोण होता?’ या प्रश्नाला अनेक मुस्लिम मुलांनी ‘ईसा, एक पैगंबर’ असे लिहिले होते. अपेक्षित उत्तर ‘देवाचा पुत्र’ असे असल्याने त्यांनाही गुण नव्हते. येथे चूक प्रश्नाच्या वाक्यरचनेत आहे. ‘येशू कोण होता?’ असे विचारले की मूल आपल्याला जे सत्य वाटते ते लिहिते, आणि ‘येशूविषयी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा काय आहे?’ असे विचारले की त्याला जे माहीत आहे ते लिहिते. पहिल्या प्रश्नाने मुलाची श्रद्धा तपासली जाते, आणि एका सरकारी शाळेला ती तपासण्याचा अधिकार नाही.

उलट दिशेनेही फसगत होत होती. त्रैक्याच्या, म्हणजे एकच देव तीन व्यक्तींत आहे या ख्रिस्ती श्रद्धेच्या, प्रश्नाला ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ इतके लिहिले की पूर्ण गुण होते. पूर्ण गुण मिळवलेल्या पाच मुलांशी मी मधल्या सुट्टीत बोलले, तर त्यांपैकी चौघांच्या मते ख्रिस्ती लोक तीन देव मानतात. तीन नावे त्यांना पाठ होती, पण ‘एकच देव’ हा त्या संकल्पनेचा गाभा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. शिवाय मुलांच्या एकूण गुणांची यादी वाचनाच्या राष्ट्रीय परीक्षेतील गुणांशेजारी ठेवली तेव्हा दोन्ही याद्यांतला क्रम जवळजवळ सारखाच निघाला. आम्ही महत्त्वाचा एक तास खर्चून मुलांचे वाचन दुसऱ्यांदा मोजले होते.

आणखी एक गोष्ट, जी इतकी वर्षे कोणाला खटकली नव्हती. चाचणीच्या पहिल्याच ओळीत ‘तुझा धर्म’ अशी रिकामी जागा होती. एका मुलाने हात वर करून विचारले होते की आई कॅथलिक आणि वडील शीख असतील तर दोन्ही लिहायचे का. ब्रिटनच्या विदासंरक्षण (डेटा प्रोटेक्शन) कायद्यात धार्मिक श्रद्धेची माहिती विशेष संरक्षणाच्या प्रकारात मोडते. ती आम्ही मुलांकडून चाचणीच्या कागदावर घेत होतो आणि तिचा कोणताही उपयोग करत नव्हतो.

कोणते पर्याय होते

विभागाच्या बैठकीत चार मते पुढे आली, आणि प्रत्येकात तथ्य होते.

विभागप्रमुखांना चाचणी बंदच करावी असे वाटत होते. ‘कोणाला काहीच येत नाही असे धरून सगळ्यांना मुळापासून शिकवू,’ हे त्यांचे म्हणणे ऐकायला समन्यायी होते आणि एक तासही वाचत होता. पण अकरा वर्षांच्या मुलाला इस्लामचे पाच स्तंभ तिसऱ्यांदा शिकवले तर ते विषयाला कंटाळते, आणि गैरसमज घेऊन आलेल्या मुलाला कोऱ्या पाटीसारखे वागवले तर नवे ज्ञान त्या गैरसमजावरच रचले जाते. माझा आक्षेप या दुसऱ्या धोक्याला होता.

दुसरे मत उत्तरसूची विस्तारण्याचे होते: दिवाळीला पाच उत्तरे मान्य करा, येशूला तीन. यात कष्ट कमी होते, परंतु धर्माभ्यास न शिकलेल्या शिक्षकाच्या हाती कितीही लांब सूची दिली तरी तिच्याबाहेरचे सहावे खरे उत्तर येणारच होते.

तिसरे मत ‘तुम्हाला जे जे माहीत आहे ते लिहा’ असा मोकळा कागद देण्याचे होते. ते मला मनापासून आवडले होते, कारण त्यात बळीराजालाही जागा होती. मात्र हे लेखन ज्यांची इंग्रजी सफाईदार आहे त्यांनाच साधले असते आणि सुमारे १८० मुलांचे मोकळे लेखन वाचून त्यावरून पुढच्या आठवड्याचा पाठ बदलणे कोणालाही जमले नसते.

चौथे मत असे की मुलांना विचारण्याआधी त्यांच्या प्राथमिक शाळांना विचारावे. इतकी साधी गोष्ट आजवर कोणी केली नव्हती, याचे आम्हा सर्वांनाच वाईट वाटले.

उपमुख्याध्यापकांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना ऑक्टोबरमध्ये प्रत्येक मुलासाठी आकडा हवा होता, कारण इतर सर्व विषय तो देत होते. त्यांच्याशी झालेली चर्चा या प्रकरणातले कळीचे वळण ठरली. चाचणी वाईट आहे एवढेच सांगून भागले नसते. मी त्यांच्यासमोर त्या मुलीची उत्तरपत्रिका ठेवली, उत्तर वाचून दाखवले, त्यातले प्रत्येक वाक्य का बरोबर आहे ते समजावले, आणि नंतर तिच्या नावापुढे संगणकात असलेला आकडा दाखवला. एका वर्षासाठी आकड्याऐवजी संकल्पनावार नोंद देण्यास त्यांनी मान्यता दिली.

प्रत्यक्षात काय केले

पुढच्या जूनमध्ये आम्ही अठरा प्राथमिक शाळांना एक पानी पत्र पाठवले. कोणता अभ्यासक्रम वापरता, कोणते धर्म कोणत्या वर्षी शिकवता, कोणत्या गोष्टी मुलांनी नक्की ऐकलेल्या असतात आणि कोणते पारिभाषिक शब्द वापरता, असे चारच प्रश्न होते. अकरा शाळांनी उत्तर दिले, आणि तेवढ्यानेही बरेच उलगडले. चर्चच्या शाळांतील मुलांना बायबलची कथा सृष्टीच्या निर्मितीपासून पुनरुत्थानापर्यंत क्रमाने माहीत होती. सर्वसाधारण शाळांतील मुलांना सर्व धर्मांचे सण माहीत होते, पण ते सुटे सुटे. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले आणि ३७.२ टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ असे नोंदवले. अशा समाजात बायबलच्या गोष्टी मुलाला घरी ऐकायला मिळाल्या असतील हे गृहीत धरता येत नाही, आणि आमचा जुना अभ्यासक्रम तेच गृहीत धरून बसला होता.

नव्या चाचणीसाठी आम्ही आधी एक नियम ठरवला: ज्या प्रश्नाच्या उत्तरावरून आम्ही काही वेगळे शिकवणार नाही तो प्रश्न विचारायचा नाही. या नियमाने जुन्या चाचणीचा बहुतेक भाग आपोआप गळला. पहिल्या सत्राचा घटक ‘येशू आणि त्याच्या काळचा ज्यू समाज’ हा होता, म्हणून फक्त त्या घटकाला लागणाऱ्या पूर्वज्ञानाचे बारा बहुपर्यायी प्रश्न ठेवले. इतर धर्मांविषयीचे प्रश्न त्या त्या घटकाच्या आधीच्या आठवड्यावर ढकलले.

खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर झाली. प्रत्येक चुकीचा पर्याय हा मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांतून उचललेला प्रत्यक्ष गैरसमज असेल, असे आम्ही पाहिले. त्रैक्याच्या प्रश्नात ‘एकाच देवाच्या तीन व्यक्ती’ या उत्तराशेजारी ‘तीन देव’, ‘एकाच देवाने वेगवेगळ्या काळी घेतलेली तीन रूपे’ आणि ‘देव, येशू व मरिया’ हे पर्याय होते. ‘येशू कोणत्या धर्माच्या कुटुंबात जन्मला?’ या प्रश्नात ‘ख्रिस्ती’, ‘रोमन’ आणि ‘कॅथलिक’ हे पर्याय ‘ज्यू’च्या सोबत होते. प्रत्येक उत्तरापुढे मुलाने ‘खात्री आहे’ किंवा ‘अंदाज आहे’ यांपैकी एकावर खूण करायची होती, कारण अंदाजाने चुकणारे आणि खात्रीने चुकणारे मूल यांना वेगवेगळे शिकवावे लागते. शिक्षकाने सर्व प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणजे मंद वाचणारे मूल मागे पडणार नाही. श्रद्धेविषयीचा प्रत्येक प्रश्न ‘ख्रिस्ती लोकांच्या मते’ किंवा ‘मुस्लिमांच्या मते’ अशा शब्दांनी सुरू करायचा. ‘तुझा धर्म’ ही ओळ काढून टाकली.

तासाच्या उरलेल्या वेळात जोडीने चिठ्ठ्या लावण्याचे काम होते. अब्राहाम, मोशे, येशू, मरिया, जेरुसलेम, तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) अशा चिठ्ठ्या ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन वर्तुळांत ठेवायच्या आणि त्या तेथे का ठेवल्या हे जोडीदाराला सांगायचे. वर्तुळे एकमेकांवर सरकवता येतील असे आम्ही सांगितले नव्हते. काही जोड्यांनी ती आपणहून सरकवली, आणि बाराही प्रश्नांनी मिळून दिली नसती एवढी माहिती त्या हालचालीने दिली.

काय निष्पन्न झाले

सहाही तुकड्यांत निम्म्याहून अधिक मुलांनी येशू ख्रिस्ती कुटुंबात जन्मला असे लिहिले, आणि बहुतेकांनी ‘खात्री आहे’वर खूण केली. हा गैरसमज तसाच राहिला असता तर आमच्या संपूर्ण घटकाला अर्थच उरला नसता. म्हणून योजनेत नसलेले दोन तास आम्ही त्यावर दिले: येशूची सुंता, वल्हांडण या ज्यू सणासाठी जेरुसलेमची यात्रा, सभास्थानातले (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातले) वाचन, असे शुभवर्तमानांतील, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतील, उतारे मुलांनी स्वतः वाचले आणि हा माणूस कोणत्या परंपरेत वावरतो आहे ते शोधले. ते दोन तास भरून काढण्यासाठी अब्राहामाचा पाठ आखडला. बहुतेक तुकड्यांना अब्राहामाची ओळख आम्ही समजत होतो त्यापेक्षा चांगली होती, आणि त्यात मुस्लिम मुलांनी इब्राहिम म्हणून ऐकलेल्या कथांचा मोठा वाटा होता.

डिसेंबरमध्ये तेच प्रश्न पुन्हा विचारले. येशूच्या ज्यू असण्याविषयीची समज बहुतेकांची पक्की झाली होती. त्रैक्याच्या बाबतीत मात्र अपयश आले. चुकीची उत्तरे जवळपास तेवढीच राहिली, आणि ‘तीन देव’ म्हणणाऱ्यांपैकी ‘खात्री आहे’ म्हणणारे वाढले. माझा अंदाज असा की आम्ही वापरलेल्या तीन पाकळ्यांच्या आकृतीने मुलांच्या मनातले तीन वेगळे देव अधिक ठळक केले. ती आकृती निवडण्याआधी आम्ही पाच-सहा मुलांना समोर बसवून ‘यात तुला काय दिसते?’ एवढे विचारले असते तर हे टळले असते.

दिवाळीचा प्रश्न पुढे वसंतातील हिंदू धर्माच्या घटकात आला. आता तो ‘दिवाळीमागे यांपैकी कोणकोणत्या कथा सांगितल्या जातात? बरोबर असतील त्या सर्वांवर खूण करा’ असा होता. इतिहासाच्या एका सहकाऱ्याने तो शिकवताना अयोध्या, नरकासुर, बळी, ग्वाल्हेर आणि पावापुरी ही नावे फळ्यावर लिहून ‘एका सणाला इतकी कारणे कशी?’ असा प्रश्न मुलांपुढे ठेवला. तो तास मी मागे बसून पाहिला आणि मला फार आनंद झाला.

आज करायचे असते तर

माझी सर्वांत मोठी चूक हिंदू धर्माच्या त्याच घटकात घडली. ज्या मुलीच्या उत्तरामुळे हे सगळे सुरू झाले ती आता ‘इयर एट’मध्ये होती. मी तिला ‘इयर सेव्हन’च्या तुकडीपुढे बोलावले आणि ‘तुमच्या घरी दिवाळी कशी होते ते सांग,’ असे म्हटले. तिच्यावर झालेला अन्याय भरून निघेल असे मला वाटले होते. ती दोन वाक्ये बोलली आणि गप्प झाली. नंतर तिने मला मराठीत सांगितले, ‘बाई, मला सगळं माहीत नाही, आणि चुकलं तर सगळे म्हणतील हिलाच येत नाही.’ मुलाला घरातून जे ठाऊक असते ते त्याचे स्वतःचे असते. त्याने स्वेच्छेने लिहिले तर शिक्षकाने ते ओळखावे, पण त्याला साऱ्या धर्माचा प्रवक्ता करून उभे करू नये. हे मला तिला विचारण्यापूर्वी समजायला हवे होते. मी तिची क्षमा मागितली.

दुसरी उणीव व्यवस्थेची होती. चाचणी सप्टेंबरमध्ये होई, आणि शाळेत मुले वर्षभर येत राहत. जानेवारीत एक गोव्याचा मुलगा आला. पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडला आलेल्या अनेक गोमंतकीय कुटुंबांपैकी त्याचे एक होते. त्याला कोणतीच चाचणी दिली गेली नाही, आणि तो भारतातून आला एवढ्यावरून वर्गशिक्षकांनी त्याला हिंदू धर्माच्या घटकात गटप्रमुख केले. तो कॅथलिक होता, त्याला पहिल्या सत्रातला घटक आमच्यापैकी काही शिक्षकांपेक्षा अधिक येत होता, आणि हिंदू धर्माविषयी शेजाऱ्यांच्या चतुर्थीपलीकडे फारसे ठाऊक नव्हते. केरळच्या परिचारिकांच्या ख्रिस्ती मुलांबाबतही असेच घडू शकते. वर्षाच्या मध्ये आलेल्या प्रत्येक मुलाबरोबर पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे बसून चिठ्ठ्या आणि वर्तुळांचे काम करावे, असे आम्ही नंतर ठरवले.

तिसरी गोष्ट सहकाऱ्यांविषयीची. ज्या शिक्षकांनी शून्य दिले त्यांना मी सुरुवातीपासून चाचणी घडवण्यात घ्यायला हवे होते. पहिल्या वर्षी प्रश्न विभागप्रमुख आणि मी असे दोघांनीच रचले. दुसऱ्या वर्षी भूगोलाचे ते सहकारी आमच्यात आले आणि प्रत्येक प्रश्नाखाली ‘बहुतेकांनी हा पर्याय निवडला तर पुढच्या तासाला काय करायचे’ हे दोन ओळींत लिहून ठेवण्याची सूचना त्यांचीच होती. त्रैक्याचा प्रश्न आम्ही त्या वर्षी लेखी चाचणीतून काढला, आकृतीही काढली, आणि प्रत्येक तुकडीतल्या सहा मुलांना तो तोंडी विचारायचे ठरवले.